साहेब असताना, साहेब नसताना

माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुझी धाकटी आजी, पंचवीस वर्षं एका स्टुलावर बसून नेलपॉलिशचे ठिपके द्यायची. नखांना नाही रे. नखं तिची जन्माची तुटकी. ठिपके द्यायची ती सेन्सरला. आणि त्याचे तिला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळायचे. तुझे धाकटे आजोबा तर येईल त्याला सांगायचे, "आमच्याकडे एकच माणूस कमावतो, आणि तो माणूस ठिपके काढतो."

आता ते सेन्सरचं लिही, पण तुझे शाळेतले शब्द मधे घुसडू नकोस. ती मला सांगायची तस्संच लिही.

सेन्सर म्हणजे बाटलीच्या बुचाएवढी लोखंडी डबी. तिला उंदराच्या शेपटीसारखी वायर. मोठमोठ्या पंपांवर ती बसवतात. पंप किती थरथरतो ते तिला आतल्या आत कळतं आणि ती वायरीतून सांगते. पण सांगायची ती फक्त वर-खालीची थरथर. बाजूनं धक्का बसला तर डबीनं ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. दारावर बसवलेल्या माणसानं दारात कोण आलं तेवढंच सांगावं, शेजारणीचं आणि तिच्या नवऱ्याचं काय वाजलं ते सांगत बसू नये, तसं. पण डबी झाली म्हणून काय झालं, बाजूचं थोडंफार कानावर पडतंच. शंभरात तीनपर्यंत चालतं. तीनच्या वर गेली की डबी नापास.

हे बाजूचं ऐकणं मोजायचं काम धाकटीकडे. तिच्यापुढे एक यंत्र होतं, शेकर म्हणायचे त्याला. त्याच्यावर एक लोखंडी ठोकळा. तो ठोकळा डावी-उजवीकडे हलायचा, आणि तोही इतका भराभर की डोळ्याला नुसता धुरकट दिसायचा. ठोकळ्याच्या डोक्यावर फिरती चकती, चकतीवर डबी. आधी डबीचं बूड पुसायचं, कारण धुळीचा कण राहिला तरी ती तिरकी बसते. मग टॉर्कच्या पान्यानं आवळायची. पाना ठरल्या जोराला "कट्" म्हणतो, तो म्हटला की थांबायचं. मग वायर चिकटपट्टीनं दाबून टाकायची, नाहीतर ती फडफडते आणि आपण डबीच्या नावाखाली वायरीचंच नाचणं मोजत बसतो. यंत्र चालू, आकडा लिहा, यंत्र बंद. चकती एक घर पुढे. पुन्हा चालू. घड्याळात आकडे असतात ना, तशी बारा घरं.

हे बारा आकडे गोल कागदावर मांडले की चित्र उमटायचं. समोरासमोर दोन पाकळ्या आणि मधे बारीक कंबर. पाकळीच्या टोकाकडून डबी सगळ्यात जास्त ऐकते, कंबरेकडून ठार बहिरी. त्या बहिऱ्या बाजूला लाल ठिपका द्यायचा. म्हणजे पंपावर बसवणाऱ्याला कळतं, जिकडून जास्त धक्के येणार तिकडे ठिपका करायचा. कंपनीच्या रंगाची बाटली कधीच वाळून खडखडीत झाली होती. म्हणून नेलपॉलिश. तेसुद्धा माझ्या पुतणीच्या लग्नातलं उरलेलं.

आणि एक ध्यानात ठेव, पुढची सगळी गंमत त्याच्यावर आहे. दोन्ही पाकळ्या सारख्या यायला पाहिजेत. डबीचं तोंड फिरवून पाठ पुढे केली, तरी आकडा तोच यायला पाहिजे.

तर धाकटीचं असं छान चाललेलं असताना मोठ्या साहेबांनी नवा शेकर आणला. साहेब तसा वाईट माणूस नव्हता, पण स्वतःच्या नावावर त्याचं फार प्रेम. पेनावर नाव, डब्यावर नाव, छत्रीच्या दांड्यावर नाव. नव्या शेकरसाठी त्यानं पितळेची पाटी करून घेतली. तळहाताएवढी, जाडजूड, हातात घेतली तर अर्ध्या किलोचं वजन घेतल्यासारखी. त्यावर वळणदार अक्षरांत, की हे यंत्र ह्यांच्या कारकिर्दीत आलं. आता लावायची कुठे? भिंतीला ओल. यंत्राच्या बुडाला झाकण. साहेबांची नजर फिरत फिरत ठोकळ्यावर आली. ठोकळ्याच्या एका अंगाला दोन रिकामी भोकं होती, आणि ते अंग बरोबर दाराकडे.

"इथे लाव," फिटरला म्हणाले.

फिटर हा धाकटीच्या खोलीतला दुसरा माणूस. हाताचा सोन्यासारखा, पण साहेबांपुढे मांजर. तो चाचरत म्हणाला, "साहेब, ते हलतं."

"हलू दे की. तू नाव पक्कं बसव म्हणजे झालं."

बसवलं. यंत्र बंद असलं की नाव लखलखायचं. चालू झालं की एका नावाची दोन नावं दिसायची, आणि दोन्ही वाचता यायची नाहीत.

आणि त्या दिवसापासून धाकटीच्या पाकळ्या बिघडल्या. एक पाकळी भोपळ्याएवढी, समोरची सुपारीएवढी. चाळीस डब्यांची खेप आली, त्यातल्या एकतीस तीनच्या वर गेल्या. धाकटीनं बूड पुन्हा पुसलं, वायर पुन्हा चिकटवली, पाना दुसरा घेतला. भोपळा तो भोपळाच. मग तिनं खणातून म्हातारा काढला. म्हातारा म्हणजे तिचा जुना सेन्सर, पंधरा वर्षांचा, तिच्या भरवशाचा. त्याची पाकळी दोन्हीकडे दोन, कधीही मोजा, न चुकता दोन. त्याला नव्या यंत्रावर बसवला. एका बाजूला पावणेचार, दुसरीकडे पाव.

"म्हातारा खोटं बोलणार नाही," धाकटी म्हणाली. "यंत्र खोटं बोलतंय."

हे ती साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाली, ही तिची चूक. साहेबांनी चष्मा काढला.

"बाई, यंत्र नवं आहे. कोरं करकरीत."

"म्हणून तर त्याला अजून खरं बोलायची सवय नाही साहेब."

"आणि तुमचं वय किती?"

"बावन्न."

"मग थरथरतं काय असेल, यंत्र की हात?" साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. "शुक्रवारी गिऱ्हाइकाकडून तपासणीवाल्या मॅडम यायच्या आहेत. त्यांच्यापुढे पाकळ्या सारख्या आल्या तर बरं. नाही आल्या, तर सोमवारपासून तुम्ही खोकी बंद करायच्या खोलीत बसायचं. तिथे हात थरथरला तरी चालतं."

खोक्यांची खोली म्हणजे तळघर. खिडकी नाही, बोलायला कोणी नाही, आणि दिवसभर चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज. पण धाकटीला खरं लागलं ते हाताचं. आमच्या घरात सुईत दोरा ओवायचा तर अजून तिलाच हाक मारतात. घरी आली, जेवली नाही. धाकट्या दिरांनी विचारलं, "काय झालं?" तर हात पुढे करून म्हणाली, "बघा, हलतोय का?" ते बिचारे चष्मा लावून पाच मिनिटं हात बघत बसले. म्हणाले, "नाही हलत. पण माझा हलतोय, भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात दुसराच तमाशा. मी रजई धुवायला टाकली होती. कपडे धुवायच्या मशीनमध्ये ती एकटीच टाकली, दुसरं काही नाही. रजई भिजली आणि बसली एका अंगाला गोळा होऊन. मशीन फिरायला लागलं, ते धाड धाड करत उड्या मारायला लागलं, आणि बघता बघता न्हाणीघरातून चालत दारापर्यंत आलं. मी काय करणार? त्याच्यावर बसले. तर मलाही घेऊन निघालं.

धाकटी दात घासत आली. तोंडात फेस, आणि हसू आवरेना.

"जाऊबाई, कुठं निघालात?"

"तुझ्या कारखान्यात! आधी हे बंद कर गं बये!"

"अहो, तुम्ही कितीही दाबून बसा, ते उड्या मारणारच. सगळं ओझं एका अंगाला..."

आणि तिथेच ती थांबली. ब्रश तोंडात तसाच. मी मशीनवर हिंदकळतेय, आणि ही बया भिंतीकडे बघतेय. बटण बंद करायचंसुद्धा तिला सुचलं नाही. चूळ भरली, चपला घातल्या आणि पळाली. मी म्हटलं, अगं मला उतरव तरी! पण ती कोपऱ्यावर पोचली होती.

कारखान्यात तेव्हा फिटर एकटाच होता, कुलूप उघडत.

"भाऊ, स्क्रू काढायचा पाना द्या."

"कशाला वहिनी?"

"साहेबांना उतरवायचंय."

फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. पण दिला. धाकटीनं पाटीचे दोन स्क्रू काढले, पाटी रुमालात गुंडाळून ठेवली, म्हातारा चकतीवर चढवला आणि यंत्र चालू केलं. एका बाजूला दोन. चकती फिरवत फिरवत पाठीकडे आली. दोन. समोरासमोर दोन पाकळ्या, जुळ्या भावंडांसारख्या. पाटी परत लावली. पावणेचार आणि पाव. काढली, दोन आणि दोन. तीन वेळा केलं. ठोकळ्यानं नुसतं डावी-उजवीकडे सरकायचं, तर ह्या अर्ध्या किलोच्या नावापायी तो प्रत्येक हेलकाव्याला मान डोलवत होता. आणि मान डोलली की ते वर-खाली झालं. डबी बिचारी वर-खालीचं इमानानं सांगत होती. तिचं कामच ते.

"म्हणजे साहेबांच्या नावानंच..." फिटर पुढचं बोलायच्या आधी दार लावून आला. "वहिनी, हे सांगणार कोण?"

"तुम्ही. पाटी तुम्ही लावलीत."

"मला दोन लेकरं आहेत वहिनी."

"मग लेकरांना पाठवा."

शेवटी ठरलं, की सांगायचं कोणीच नाही. सकाळी साहेब यायच्या आत पाटी काढायची, दुपारी जेवून आल्यावर ते फेरी मारतात तेवढ्यापुरती लावायची, ते गेले की काढायची, आणि संध्याकाळी घरी जाताना पुन्हा लावून ठेवायची. पण धाकटी कामाची पक्की. लबाडी करायची तीसुद्धा वहीत लिहून. प्रत्येक डबी तिनं दोन्ही तऱ्हेनं मोजली आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात नोंद केली. पाटी लावलेल्या कागदावर लिहिलं, "साहेब असताना." काढलेल्यावर लिहिलं, "साहेब नसताना."

तीन दिवस हे चाललं. फिटरचा जीव टांगणीला. जिन्यावर बूट वाजले की तो खोकायचा, धाकटी स्क्रू पिळायची. एकदा साहेब अर्ध्या वाटेतून परत गेले, हा उगाचच खोकत राहिला, तर कोणीतरी त्याला खोकल्याचं औषध आणून दिलं. आणि ते धाकटीनं सगळ्यांदेखत त्याला प्यायला लावलं.

गुरुवारी साहेबांनी वरवरचे चार कागद उचलून पाहिले. नशीब असं, की चारही नसतानाचे. कोपरा त्यांच्या अंगठ्याखाली झाकला गेला.

"बघा!" सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पाकळ्या कशा जुळल्या! जरा दम दिला आणि हात सुधारला की नाही?"

धाकटीनं मान खाली घातली. लोकांना वाटलं लाजली. ती दात खात होती. तोवर तिला नुसतं स्टूल वाचवायचं होतं, पण हे ऐकल्यावर हातावरचा आळ कुणापुढे तरी पुसून टाकल्याशिवाय तिला चैन पडेना.

शुक्रवार उजाडला. आणि साहेब त्या दिवशी तिच्याही आधी येऊन बसलेले! रुमालाला पॉलिश लावून पाटी स्वतः घासत होते. म्हणाले, "मॅडम येतील तेव्हा चकाकली पाहिजे." फिटरनं दारातूनच खोकायला सुरुवात केली, पण आता खोकून काय उपयोग?

मॅडम आल्या. बारीक चणीच्या, पाठीला पिशवी, बोलणं मोजकं. आल्या आल्या म्हणाल्या, "तुमच्याकडचा जुना, माहितीतला सेन्सर आधी लावा. मग नवे बघू."

धाकटीनं म्हातारा लावला. बूड पुसलं, पाना कट् झाला, वायर चिकटवली. यंत्र चालू. पावणेचार. अर्धा फेरा. पाव.

मॅडमनी भुवई वर केली. साहेबांचा चेहरा पाटीसारखा पिवळा पडला. "मॅडम, यंत्र उत्तम आहे. बाईंचा हात जरा..."

"साहेब," धाकटी स्टुलावरून उठली. "तुम्ही बसा. तुमच्या हातानं लावा. तुमचा हात तर पक्का."

आता नाही कसं म्हणणार? साहेब बसले. बूड पुसायला विसरले, ते धाकटीनं पुसून दिलं. पाना कट् झाला तरी ओढत राहिले, ते मॅडमनी थांबवलं. यंत्र चालू. पावणेचार. अर्धा फेरा. पाव.

"हात बदलला, आकडा नाही बदलला," मॅडम म्हणाल्या. त्या खाली वाकल्या, ठोकळ्याकडे नीट बघितलं. पाटीचं नाव तेव्हा दुहेरी थरथरत होतं. "हे काय बसवलंय?"

फिटरला आता खरोखरचा खोकला आला.

"ते आमचं... कारकिर्दीचं," साहेब म्हणाले.

"ह्याच्याशिवाय कधी मोजलंय?"

धाकटीनं कपाटातून गठ्ठा काढून पुढे ठेवला. चाळीस डब्यांचे ऐंशी कागद. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि त्यांची सवयच होती वाटतं, मोठ्यांदा वाचायची.

"सेन्सर पहिला. साहेब असताना, साडेतीन, नापास. साहेब नसताना, पावणेदोन, पास. सेन्सर दुसरा. साहेब असताना, चार, नापास. साहेब नसताना..."

तिथे त्यांचा आवाज अडकला. दाराशी जमलेल्यांतून कोणीतरी फस्सकन हसलं. मग मॅडमच हसल्या, पिशवीत काहीतरी शोधायचं निमित्त करून, पाठमोऱ्या. साहेब छताकडे बघत होते. तिथे त्यांचं नाव नव्हतं.

पण मॅडम वळल्या तेव्हा हसू पुसलेलं होतं, आणि आधी धाकटीवरच घसरल्या. "बाई, हे पहिल्या दिवशी लिहून का नाही कळवलंत? चोरून स्क्रू काढून मोजलेलं मी खरं कसं मानू? तुमचे कागद चोख असतील, पण मी सही नाही करणार. चाळीसच्या चाळीस पुन्हा, माझ्यासमोर."

धाकटीनं कानाची पाळी धरली. "चुकलं मॅडम. साहेब माझ्या हाताचं बोलले, म्हणून हट्टाला पेटले."

"हाताला काय झालंय?"

"हेच म्हणते मी."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी न सांगता पाना उचलला आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव उतरवलं. एक स्क्रू खाली पडून यंत्राखाली गेला. तोही त्यांनीच वाकून शोधला. कोणी मदतीला गेलं नाही.

त्या दिवशी आणि शनिवारी मिळून चाळीस डब्या पुन्हा मोजल्या. अडतीस पास. दोन खरोखरच बाजूचं ऐकणाऱ्या निघाल्या, त्या बाद. मॅडमनी सही केली आणि जाता जाता विचारलं, "ठिपका फार छान लाल आहे, कुठला रंग?" धाकटीनं बाटली दाखवली, तर त्यांनी तिथेच स्वतःच्या करंगळीला लावून बघितला.

सोमवारी धाकटी स्टुलावर बसली ती बसलीच. खोक्यांच्या खोलीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. साहेब दहा वाजता आले, पाटी कागदात गुंडाळलेली. स्टुलापाशी येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा. मी उगाच बोललो." आणि पाटी पुढे करून, "ही कुठे लावू आता? म्हणजे, कोणाला त्रास होणार नाही अशी?"

"शोधते की साहेब. मोजूनच सांगते."

आणि खरंच तिनं म्हाताऱ्याला घेतलं, लांब वायर लावली आणि सगळी खोली मोजत फिरली. खिडकीपाशी रस्त्यावरच्या गाड्यांची थरथर. कपाटापाशी पंख्याची. यंत्राच्या भिंतीला तर बोलूच नका. साहेब मागे मागे, फिटर वायर धरून त्यांच्या मागे. शेवटी एका जागी मीटरचा काटा गपगार पडला. धाकटीनं बाटली उघडली आणि भिंतीवर लाल ठिपका दिला.

ती जागा होती दारामागे, जमिनीपासून गुडघ्याएवढी वर. दार उघडलं की पाटी झाकली जायची, आणि त्या खोलीचं दार दिवसभर उघडंच असायचं.

साहेबांनी ठिपक्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं.

"सगळ्यात शांत जागा हीच?"

"बघा ना, काटासुद्धा हलत नाही."

फिटरनं भोकं पाडायला घेतली. ह्या वेळी त्यानं विचारलं नाही, की साहेब, ते हलेल का.